सांगोला विधानसभा: अकरा विजय सगळ्यांना पाठ आहेत, पराभवांचं काय?

माणकाठ

सांगोल्याचं नाव निघालं की समोरचा पहिलं वाक्य काय बोलणार ते ठरलेलं असतं. गणपतराव देशमुख, एक पक्ष, एक मतदारसंघ, अकरा वेळा आमदार. मी पुण्यात नोकरीला आल्यापासून हे वाक्य शेकडो वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी छाती फुगलीय. पण आबासाहेब, म्हणजे गणपतराव, गेल्यावर (३० जुलै २०२१, वय ९४) मी या मतदारसंघाचे निकाल पहिल्यापासून वहीत उतरवून काढले, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय की आपण सांगोला उलट्या बाजूने वाचतोय. विजयांतून हा तालुका कळत नाही, तो पराभवांतून कळतो.

आधी विजय मांडतो. १९६२ साली महाराष्ट्र राज्याची पहिली निवडणूक झाली आणि त्यात शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) आबासाहेब पहिल्यांदा निवडून आले. पुन्हा १९६७. मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०. पुढे १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, बरोबर अकरा भरतात.

आता या रांगेतल्या दोन फटी बघा.

पहिली १९७२ ची. बांगलादेश युद्धानंतर इंदिरा गांधींची लाट होती, राज्यात काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले, आबासाहेब हरले. दोनच वर्षांत काकासाहेबांचं निधन झालं, पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले.

दुसरी १९९५ ची. काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील १९२ मतांनी जिंकले. गंमत अशी नव्हे, दुखणं असं, की त्या वर्षी राज्यात काँग्रेस ८० वर आली होती, सत्ता युतीकडे गेली. म्हणजे लाट काँग्रेसच्या विरोधात आणि सांगोल्यात मात्र काँग्रेस आली. राज्याचं वारं एकीकडे आणि आपला तालुका दुसरीकडे, हे इथे नवीन नव्हतंच. फक्त त्या वेळी त्याचा फटका लाल बावट्याला, म्हणजे शेकापला बसला.

तिसरा पराभव २०१९ चा, आबासाहेब स्वतः उभे नसताना. नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून, समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६. फरक ७६८.

१९२ आणि ७६८ मिळून ९६०. एका मध्यम गावाच्या मतदार यादीएवढ्या मतांनी या तालुक्याचा इतिहास दोनदा वळला. म्हणून मला वाटतं, सांगोला हा कधीच एकतर्फी गड नव्हता. इथे कायम दुसरी बाजू भक्कम होती, आणि हरलेला माणूस इथे घरी बसत नाही. आबासाहेब १९७२ नंतर परतले, १९९५ नंतर परतले. शहाजीबापूंना एकदा जिंकल्यावर पुन्हा विधानसभा दिसायला २४ वर्षं लागली, पण तेही परतलेच. आणि २०२४ ला आबासाहेबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांच्या रूपाने शेकाप परतला.

तालुक्यातल्या आणि बाहेरच्यांनीही लिहा. माझं चुकत असेल तर दुरुस्त करा.

आकडेमोड

चांगला धागा. एक दुरुस्ती आधीच करून घेऊ, म्हणजे पुढे भांडण नको. बरेच जण ‘देशातला विक्रम’ म्हणतात. केरळात के. एम. माणी पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, तेही न हरता. करुणानिधीही १३ वेळा आमदार झाले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. गणपतरावांचं मोठेपण या तुलनेने कमी होत नाही. माणींच्या पक्षात किती फुटी आणि किती गट झाले ते केरळवाल्यांना विचारा. देशमुखांनी पहिला अर्ज ज्या पक्षाकडून भरला त्याच पक्षाकडून शेवटचा भरला, आणि तो पक्ष मध्येच विरघळत चालला होता.

हे विरघळणं आकड्यांत बघा. शेकापचे आमदार: १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २०१४ ला ३, २०१९ ला १ (तोही नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा), २०२४ ला १. हा शेवटचा एक म्हणजे सांगोला. राज्यात १९ वरून १ वर आलेला पक्ष एका तालुक्यात साठ वर्षं टिकतो, याचं कारण पक्षात शोधून सापडणार नाही. तालुक्यातच शोधावं लागेल.

विदर्भवासी

बाहेरचा आहे म्हणून स्पष्ट विचारतो, राग नसावा. तालुक्यात धनगर समाज मोठा, गणपतराव त्याच समाजाचे. मग हे सगळं जातीचं गणित नाही का? बाकी तत्त्व, साधेपणा हे नंतर चिकटवलेलं?

माणकाठ

@विदर्भवासी, राग कसला, हा प्रश्न तालुक्यातही विचारतात. समाजाचा आधार होता, ते नाकारणं खोटेपणा होईल. पण नुसत्या त्या आधारावर माणूस १९७२ ला आणि १९९५ ला हरायला नको होता, समाज तर तोच होता. आणि २०१९ ला नातवाच्या बाबतीतही समाज तोच, आडनाव तेच, तरी ७६८ कमी पडली. जात पाया भरून देते. वरचा मजला मात्र दर पाच वर्षांनी नव्याने बांधावा लागतो.

टेंभू_टेल

वरचा मजला म्हणजे पाणी. दुसरं काही नाही.

आमच्या बाजूच्या लोकांना बाकी कुठली विचारधारा सांगू नका. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळ टेंभूला उचलायचं, टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडी ओलांडून माण नदीत आणायचं, हे ऐंशीच्या दशकात कुणी बोललं असतं तर लोक हसले असते. १९९३ ला आटपाडीत पहिली पाणी परिषद झाली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, भारत पाटणकर. तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले आणि समन्यायी पाणीवाटप हा शब्द आमच्या पारावर आला. माझे वडील शाळा चौथी शिकलेले, पण ‘समन्यायी’ हा शब्द न अडखळता म्हणायचे. दर वर्षी परिषद, दर वर्षी ठराव, दर वर्षी मुंबईला मोर्चा. त्यात सत्ताधारी कोण आहे हे बघायचं नाही.

लक्षात घ्या, १९९३ ला चळवळ उभी राहिली आणि १९९५ ला तिचाच माणूस हरला. तेव्हा पाणी कुठेच नव्हतं, नुसते ठराव होते. लोक थकतात.

डाळिंबी

@टेंभू_टेल, पटतं पण अर्धंच. पाणी यायच्या आधीच तालुका बदलायला लागला होता, आणि तो डाळिंबाने बदलला. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली. आमच्या माळरानात जिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथे खड्डे काढले, डाळिंबाचं गणेश वाण लावलं, पुढे भगवा वाण आलं. ठिबकवर झाड जगतं, त्याला कालवा लागत नाही, टँकरनेही आम्ही बागा जगवल्यात. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातून थेट पश्चिम बंगालमध्ये शालिमारला गेली. त्या दिवशी स्टेशनवर क्रेटच्या थप्प्या होत्या, फलाट दिसत नव्हता. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा माल रेल्वेच्या डब्यात चढताना बघितला.

सांगायचा मुद्दा हा की डाळिंबाने तालुक्यात पैसा आणला आणि पैशाने मतदार मोकळा केला. पूर्वी लोक लाल बावट्याकडे जायचे कारण जायला दुसरी जागा नव्हती. आता तरुण शेतकऱ्याचा व्यापारी वेगळा, बँक वेगळी, दुकान वेगळं. तो कुणाचा बांधील नाही. २०१९ ची ७६८ ची लढत मला त्यात दिसते. मग तेल्या रोग आला, मर रोग आला, खोडाला बारीक भोकं पाडणारी ती अळी आली, बागाच्या बागा काढून टाकल्या. आमची चार एकर आम्ही स्वतः जेसीबी लावून उपटली. त्या वर्षी घरात कुणी निवडणुकीवर बोलत नव्हतं.

महूदकर

इथे सगळे एकाच बाजूने लिहितायत म्हणून लिहितो. मी बापूंना मत देणारा आहे, घरातले आधीपासून काँग्रेसचे.

शहाजीबापू म्हणजे राज्याला फक्त जून २०२२ चा तो गुवाहाटीचा फोन आठवतो. ‘काय झाडी, काय डोंगर’. आम्हाला त्याआधीचा माणूस माहीत आहे. चिकमहूदचा पोरगा, आबासाहेबांसारख्या माणसाला १९९५ मध्ये हरवतो आणि पुढच्याच निवडणुकीत हरतो. तिथून पडत पडत, पक्ष बदलत, २०१४ ला शिवसेनेकडून २५ हजारांनी हरून २०१९ ला पुन्हा उभा राहतो. इतक्या वर्षांत त्यांच्या मागचा कार्यकर्ता तुटला नाही. सत्ता नाही, कारखाना नाही, गिरणी नाही, तरी लोक थांबले. याला पण निष्ठाच म्हणायचं ना? निष्ठा फक्त लाल रंगाचीच असते असं नाही.

पक्ष बदलले हे खरं. पण आमच्यासारख्यांचं मत कधी पक्षाला नव्हतंच, ते गिरणीच्या बाहेर राहिलेल्यांचं मत होतं.

माणकाठ

@महूदकर, तुमचा प्रतिसाद धाग्याला हवाच होता, मनापासून आभार. मी म्हणतोय तो हाच मुद्दा आहे. तुमची बाजू नसती तर आबासाहेबही इतके जागे राहिले नसते.

गिरणीचं तुम्ही लिहिलंत ते बाहेरच्यांना कळावं म्हणून: ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. राज्यात किती सूतगिरण्या उद्घाटनानंतर भंगारात गेल्या ते सगळे जाणतात. माझी आत्या तिथे रिंग फ्रेमवर होती. पाळी सुटली की केसांत, भुवयांत पांढरा कापूस घेऊन घरी यायची आणि आम्ही पोरं तो वेचायचो. महिन्याच्या पगारावर बाईच्या नावाने घरात पैसे येणं, हे आमच्या वाडीत तिच्यापासून सुरू झालं. आता तुम्ही म्हणता तसं, ज्याच्या घरात गिरणीची नोकरी गेली नाही त्याला ही सगळी एका बाजूची सावली वाटली असणार. ते मला आज कळतंय. तेव्हा नाही कळलं.

कुलाबकर

अलिबागहून लिहितोय. आमच्याकडेही लाल बावटा, तुमच्याकडेही, पण फरक मोठा आहे. रायगडात शेकाप म्हणजे जिल्हाभर पसरलेलं जाळं: जिल्हा परिषद, बँक, अनेक घराणी. २०१४ ला तीन आमदार आले त्यातले दोन आमचे, अलिबाग आणि पेण. २०१९ ला दोन्ही गेले. सोलापूर जिल्ह्यात तुम्ही एकटे बेट होतात. बेट टिकलं आणि जाळं फाटलं, याचं मला फार वाईट वाटतं आणि कौतुकही वाटतं. आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना २०२४ च्या निकालाच्या दिवशी सांगोल्याची फेरी आधी विचारताना बघितलंय, आमची नंतर.

आकडेमोड

२०२४ चा विषय निघालाच आहे तर आकडे देतो. डॉ. बाबासाहेब देशमुख १,१६,२५६. शहाजीबापू (शिंदे यांची शिवसेना) ९०,८७०. दीपकआबा साळुंखे (ठाकरे यांची शिवसेना) ५०,९६२. विजय २५,३८६ मतांनी.

शेकाप महाविकास आघाडीबरोबर असूनही ठाकरे गटाने इथे स्वतंत्र उमेदवार दिला. बेरीज केलीत तर दोन्ही शिवसेनांची मतं १,४१,८३२ होतात, विजेत्यापेक्षा २५ हजारांनी जास्त. म्हणजे मतविभागणी झाली नसती तर निकाल उलटा लागला असता, असं म्हणायला जागा आहे. २०१९ ला दीपकआबांची ताकद बापूंच्या मागे होती, तेव्हा ७६८ ने का होईना पण गड पडलाच होता.

माणकाठ

@आकडेमोड, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ५०,९६२ ही सगळी मतं बापूंकडे गेली असती हे कशावरून? मशालीला मत देणाऱ्यांत शिंदे गटावर चिडलेले होते, आघाडीचे होते. ते बापूंकडे जाण्यापेक्षा देशमुखांकडे किंवा घरी गेले असते. शिवाय २०१९ ला अनिकेत यांना ९८,६९६ पडली होती, २०२४ ला बाबासाहेबांना १,१६,२५६. म्हणजे साडेसतरा हजार मतं स्वतःची वाढली. समोरचे फुटले म्हणून जिंकणाऱ्याची मतं वाढत नाहीत, तेवढीच राहतात.

आकडेमोड

मतदारही वाढलेत आणि लाडकी बहीणच्या वर्षात मतदानही भरघोस झालं. पण साडेसतरा हजारांचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. तरी एकास एक अशी सरळ लढत झाली असती तर फरक हजार-दोन हजारांत असता असं माझं मत कायम आहे. सांगोल्यात सरळ लढत झाली की निकाल केसाने लटकतो, हे तुमच्याच वहीतून दिसतंय.

गुरुजी_निवृत्त

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. बोटं थरथरतात, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

१९७२ च्या निवडणुकीवर माणकाठ यांनी लाट लिहिली, ती होतीच. पण तारीख बघा. निवडणूक मार्चमध्ये झाली आणि त्या वर्षीचा पाऊसच आला नाही. दुष्काळ निवडणुकीनंतर पडला. आमची पिढी खडी फोडायला गेली. मी तेव्हा कोवळा मास्तर, सुट्टीत हजेरीपटावर मदतीला जायचो. कामावर मिळणाऱ्या सुकडीचा वास मला अजून येतो. लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी थापताना तुटायची, बायका रडायच्या. त्या दोन वर्षांत हरलेले आमदार आणि जिंकलेले आमदार दोघेही कामांवर फिरताना मी पाहिले. १९७४ ला लोकांनी मत दिलं ते लाटेला नव्हे, बांधावर दिसलेल्या माणसाला दिलं. काकासाहेबांविषयीही लोकांच्या मनात वाईट नव्हतं, हे लिहून ठेवतो, कारण आता सांगणारे उरले नाहीत.

आणि १९९५. फेब्रुवारीत मतदान होतं. मी एका वाडीवर मतदान केंद्राध्यक्ष होतो. कागदी मतपत्रिका, लोखंडी पेटी, लाखेची मोहोर. वेळ संपताना बाहेर रांग होती. नियम असा की अशा वेळी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचं, म्हणजे मागून नवा कुणी घुसत नाही. मी तेवीस चिठ्ठ्या वाटल्या. पहिली चिठ्ठी रांगेत शेवटी उभ्या असलेल्या एका मेंढपाळाच्या हातात दिली. त्याची मेंढरं शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होती आणि तो सारखा तिकडे बघत होता. त्याच्या मागे दोघं-तिघं पळत आले, तोवर चिठ्ठ्या संपल्या होत्या. मी त्यांना परत पाठवलं. नियमाप्रमाणे वागलो, आजही तसाच वागेन.

निकाल १९२ चा लागला तेव्हा मला ती परत गेलेली माणसं आठवली. एका केंद्रावर दोन-तीन, तर सगळ्या तालुक्यात किती? ती कुणाला मत देणार होती हे मला माहीत नाही आणि ते मला कळूही नये. पण त्यानंतर दर निवडणुकीच्या आधी मी वर्गातल्या पोरांना सांगत आलो, घरी सांगा, सकाळी जा.

डाळिंबी

गुरुजी, वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरात सासूबाई दर मतदानाला सात वाजता पहिल्या रांगेत असतात. चहासुद्धा आल्यावर. का ते आज कळलं, त्या तुमच्याच शाळेतल्या असाव्यात.

सध्या_दोहा

एक छोटी शंका. मी भाळवणीकडचा, पंढरपूर तालुक्यातला. आम्हाला सांगोल्यात कधी आणि का घातलं? आमचा तहसीलदार पंढरपूरला आणि आमदार सांगोल्याला.

आकडेमोड

@सध्या_दोहा, २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत. सगळा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ मिळून आत्ताचा २५३ क्रमांकाचा मतदारसंघ झाला. लोकसभेला पूर्वी पंढरपूर होतं, तेव्हापासून माढा. म्हणजे २००९ पासूनचे आकडे १९६२ च्या आकड्यांशी थेट लावताना जपून. नकाशाच वेगळा आहे.

सध्या_दोहा

धन्यवाद. आमच्याकडे ऊस, तुमच्याकडे डाळिंब. प्रचाराची भाषणंसुद्धा वेगळी व्हायची. २००९ ला आबासाहेब आमच्या गावात पहिल्यांदा मत मागायला आले तेव्हा लोकांना वाटलं, ऐंशी पार केलेला माणूस, नव्या गावात कोण ओळखणार. पण ते ओळख सांगत बसले नाहीत. थेट नीरा उजव्या कालव्याचं पाणी शेवटच्या फाट्याला का पोचत नाही यावर बोलायला लागले.

टेंभू_टेल

तेच तर! टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला टेलचं दुखणं कळतं. आबासाहेबांचं सगळं राजकारण टेलचं होतं. ते मंत्री दोनदाच झाले, १९७८ ला पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात. बाकीची सगळी वर्षं समोरच्या बाकावरून मागत राहिले.

महूदकर

आणि मिळायला तीस वर्षं लागली, हेही लिहा. आमच्यासारखे म्हणायचे ते हेच, की सत्तेबाहेर राहून पाणी लवकर येत नाही. २०१९ नंतर बापूंनी योजनांना निधी आणला हे विरोधकही खासगीत मान्य करतात. कुणी मागितलं आणि कुणी आणलं यावर आमच्या पारावर अजून वाद होतो.

माणकाठ

@महूदकर, तो वाद पारावर चालू राहू दे, मीही दिवाळीला येतोय, समोरासमोर बसू. वहीत १९७४ च्या पोटनिवडणुकीचं पान अजून कोरं आहे, नुसतं नाव लिहिलंय. गुरुजी, तुमची हरकत नसेल तर येताना तुमच्याकडे थांबेन, त्या दोन वर्षांचं तुम्ही सांगाल तसं उतरवून घेईन.

गुरुजी_निवृत्त

यावे. दुपारी चारनंतर यावे, त्याआधी झोप लागते.